चोळू नको, शरणम्मा

हे ऐकीव नाही. माझ्याच पायावर घडलंय. खोटं म्हणायचं असेल तर आधी पाय बघा, मग म्हणा.

जळकोट. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीची दुपार. रात्र नव्हती... लख्ख ऊन होतं.

पायाच्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन होऊन मी घरी आले होते. डॉक्टरांनी बजावलेलं, "चाला, फिरा. पण पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही. आत रक्ताची गाठ असली तर सुटून छातीत जाईल. मग आमच्या हातात काही नाही."

आमचे हे, गौरीशंकर, शेजारच्या खोलीत घोरत होते. लेक चैताली तिचा जुना कॅमेरा देऊन गेलेली. पाय उशीवर टेकवून मी पडल्या पडल्या फोटो काढायची. पंखा, खिडकी, नाहीतर माझेच पाय. फुकटचे पाय, हलत पण नाहीत.

त्या दुपारी पायांचा एक फोटो काढला.

कॅमेऱ्यात बघितला...

पायाजवळची गादी खोल दबलेली. कुणी बसल्यासारखी.

समोर बघितलं. गादी सपाट.

उजेडाचा खेळ असेल म्हणून पुन्हा काढला.

आता ऑपरेशननंतर घालायला दिलेला घट्ट मोजा घोट्यापर्यंत उतरलेला दिसला...

हात लावून बघितलं. मोजा जागेवर.

मग वास आला. ओवा घालून कढवलेल्या करडीच्या तेलाचा.

आणि पोटरीवर... दोन अंगठे.

अंगठे मी ओळखले. माझ्या बाळंतपणात त्यांनीच मला चोळलं होतं. शरणम्मा. गावातल्या सगळ्या बाळंतिणींना चोळणारी. ऑपरेशनचं ऐकून म्हणाली होती, "डागदरला काय कळतंय गं? तू घरी ये, म्या चोळून उभी करते."

मी दवाखान्यात असतानाच ती वारली.

अंगठे वर सरकत होते.

खरं सांगू? लई बरं वाटत होतं. तेच भयंकर होतं. जीव घ्यायला आली असती तर ओरडले असते. ही माया करायला आलेली.

"शरणम्मा," मी तिच्या कानडीत म्हणाले, "बेडा. नको गं बाई. मरेन मी."

अंगठे थांबले...

"रुसू नको. तुझ्या हाताला नावं ठेवत नाही. पण बेडा."

खाट करकरली. वजन उठलं. वास दाराकडं गेला...

मी श्वास सोडला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं घोरणं थांबलं.

"आहाहा..." यांचा झोपाळलेला आवाज. "तिथंच दाब गं. कवाचा गोळा आलाय पोटरीत."

गोळा? मला एका शब्दानं बोलले नव्हते!

"सोड त्यांना!" ओरडतच मी उठून तिकडं गेले.

खोलीत हे एकटेच. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. पोटरी सुजून टरटरलेली...

आणि तेलानं चमकत होती.

पदरानं पुसली. तसंच उमरग्याला नेलं. तपासणीत गाठ निघाली.

"कुणी चोळलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय, हिनंच की," हे म्हणाले.

गोळ्या चालू आहेत. गाठ अजून विरघळलेली नाही. आणि रोज जेवण झालं की हे आडवे होतात, म्हणतात, "त्या दिवशीसारखं दाब ना जरा. काय हात होता तुझा!"

मी त्यांना झोपूच देत नाही. चहा करते, भांडण उकरून काढते. कारण नको म्हणायचं ते ज्याचं त्यालाच म्हणावं लागतं...

आणि आमच्या ह्यांनी जन्मात कुणाच्या सेवेला नको म्हटलेलं नाही.