खुर्ची नंबर तीन

"अहो, ईथ-झिरोला उठवा की!"

आवाज पाठीमागून आला तेव्हा मी सिस्टरांच्या टेबलाखाली गुडघ्यांवर होते. तोंडात छोटा टॉर्च, हातात निळी वायर आणि केसांत बहुधा कोळ्याचं जाळं. आदल्या संध्याकाळी मी डायलिसिस वॉर्डाच्या सर्व्हरवर नवं लिनक्स घातलं होतं, आणि सकाळी टेबलावरचा मोठा स्क्रीन काळाठिक्कर. एरवी त्यावर प्रत्येक खुर्चीतल्या पेशंटचं ब्लडप्रेशर दिसायचं. आज दोघी सिस्टर कागद-पेन घेऊन खुर्च्यांमधून पळत होत्या. जाता-येता माझ्याकडे असं बघत होत्या, जणू सगळ्यांच्या किडन्या मीच बंद पाडल्यात.

मी टॉर्च काढला आणि वळले. खुर्ची नंबर तीन. तिशीतला एक माणूस, डाव्या हातातून दोन लाल नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या. चेहरा मेणासारखा पिवळट. डोळे मात्र... डोळे शुद्ध खोडकर.

"ईथ-झिरो आता नसतो," मी म्हटलं.

"नसतो? म्हणजे... गेला?"

"केव्हाच."

"अरेरे. मला कुणी कळवलं पण नाही."

मला हसू आलं. त्या वॉर्डात हसणं बरोबर दिसत नाही म्हणून मी ते गिळलं. "तुम्ही कॉम्प्युटरच्या लाइनीतले का?"

"होतो. आता इथे बसतो, दिवसाआड चार-चार तास. पगार नाही, पण खुर्ची पक्की."

लॅपटॉप ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या खुर्चीशेजारचं स्टूल ओढलं. खरं सांगायचं तर जागा होती. दोन होत्या.

"पूर्वी नेटवर्क कार्डं सापडतील त्या क्रमानं त्यांना नावं मिळायची," टाइप करता करता मी सांगू लागले. "पहिलं ईथ-झिरो, दुसरं ईथ-वन. मशीन बंद करून चालू केलं की कधीकधी दोघांची अदलाबदल. आता कार्ड बोर्डावर कुठे बसलंय त्यावरून नाव पडतं. याचं नाव ईएनपी-तीन-एस-झिरो. जुनी फाइल अजून ईथ-झिरोच्या नावानं ओरडतेय, आणि त्या नावाचं घरात कुणी नाही."

"कुठल्या आत्यानं ठेवलं हे नाव?"

"नाव ओबडधोबड असलं तरी बदलत नाही. ते महत्त्वाचं."

"आणि आयएफकॉन्फिग? ती कमांड तरी आहे ना?"

"काका," मी गंभीर तोंड करून म्हटलं, "ते आता कुणी वापरत नाही. नुसतं आयपी."

"काका!" त्यानं उजवा हात छातीवर ठेवला. "सिस्टर, माझं प्रेशर बघा हो. पडलं असणार!"

मोठ्या सिस्टर, वॉर्डात सगळे त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणत, तिकडूनच डाफरल्या, "तीन नंबर, गप पडून राहा."

मी नव्या नावानं नवी फाइल लिहिली. कार्डाचा पत्ता, बाहेर जायचा रस्ता, सगळं. चालू करायला गेले तर लिनक्सनं फाइलच नाकारली. मी पुन्हा वाचली. सगळं ठीक. पुन्हा वाचली...

"पत्त्याची ओळ," तो हळूच म्हणाला. "बाकीच्यांच्या रांगेत नाही. एक स्पेस कमी आहे."

कमी होती. मी स्पेस दिली, आणि टेबलावरचा स्क्रीन उजळला. एकाखाली एक आकडे. तिसरी ओळ, एकशे अठरा.

"बघा," तो म्हणाला. "तुमच्यासमोर शंभरच्या वर आहे."

* * *

मग त्या वॉर्डातली वायर वरचेवर तपासायला लागू लागली. वायरीला काही झालं नव्हतं. मोठ्या सिस्टरांना ते माहीत होतं, आणि त्या काही बोलत नव्हत्या.

त्याची आई दाराबाहेरच्या बाकावर बसलेली असायची, मांडीवर पिशवी, नजर जमिनीवर. मी जाताना "येऊ का?" म्हणायचे, त्या नुसती मान हलवायच्या.

तो आधी एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. एके दिवशी पायांवर सूज आली, बूट चढेनात. नवे बूट घेऊ म्हणाला. डॉक्टरांकडे गेला तोवर दोन्ही किडन्या संपत आल्या होत्या. हे तो असं सांगायचा, जणू बूटवाल्याची गोष्ट सांगतोय.

त्याला दिवसभरात मोजकंच पाणी चालायचं, म्हणून मी माझा चहा बाहेर ठेवून आत जायचे. एकदा त्यानं पाहिलं.

"आत आणा तो."

"नको. तुम्हाला—"

"मला पिता येत नाही. वास घ्यायला डॉक्टर कुठे नाही म्हणालेत?"

मी पेला त्याच्या नाकाजवळ धरला. त्यानं डोळे मिटले. वाफ त्याच्या ओठांवर जमली, आणि मी मात्र... मी उगाच खिडकीकडे बघत राहिले.

दुसऱ्या एका दिवशी सुया काढून झाल्या होत्या. तो पट्टी दाबून बसला होता. "हात द्या," म्हणाला. माझी बोटं त्यानं स्वतःच्या मनगटाच्या वर ठेवली. कातडीखाली काहीतरी घुमत होतं, बंद मुठीत भुंगा धरावा तसं.

"ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्यात इथे," तो म्हणाला. "हे घुमणं थांबलं की धावत दवाखान्यात यायचं. रोज झोपताना मी बघतो, चालू आहे ना."

मी हात काढायला हवा होता. त्यानंही सांगायला हवं होतं. दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

घरी आईला काय कळायचं ते कळलं. भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "त्या मुलाला किडनी कोण देणारे?"

"त्याची ताई. तपासण्या चालू आहेत."

"आणि नाही जमलं तर?" सुरी थांबली. "बाई गं, डोळे उघडे ठेवून विहिरीत उडी कोण मारतं?"

मी ताट वाढून घेतलं आणि जेवले नाही.

* * *

मग हॉस्पिटलनं ठरवलं, की डायलिसिसच्या मशीनचं नेटवर्क बाकीच्या हॉस्पिटलपासून वेगळं करायचं. म्हणजे सर्व्हरमध्ये दुसरं कार्ड. पहिलं हॉस्पिटलकडे, दुसरं फक्त मशीनकडे.

"दुसऱ्यालाही गेटवे देणार?" त्यानं मला डिवचलं.

"वेड लागलंय का? बाहेर जायचा रस्ता एकच. दुसऱ्याला नुसता पत्ता."

"पास! आणि करणार कुठून?"

"खालून. माझ्या खोलीतून."

तो थोडा सावरून बसला. "मग एकदम लागू करू नका. काही चुकलं तर सर्व्हर तुमच्या हातून निसटेल. आधी ट्राय करा. ठरल्या वेळात तुम्ही एंटर दाबलं नाही, तर आपोआप जुनं परत येतं."

"मला माहितीये."

"माहीत असणारच," तो म्हणाला. "मला नुसतं... सांगायचं होतं."

दुपारी दोन मजले खाली, माझ्या खोलीत, मी ट्रायची कमांड दिली. स्क्रीनवर सेकंद उलटे पळू लागले. सर्व्हर हाताशी होता. दुसऱ्या कार्डावरून पहिली ओळ आली, दुसरी आली, सगळ्या आल्या. मी एंटर दाबलं आणि एकटीच खुर्चीत गर्रकन फिरले.

फिरून थांबले तेव्हा तिसऱ्या ओळीत चौऱ्याण्णव होतं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. बाकीच्या ओळी पाहिल्या, त्या जागच्या जागी. पुन्हा तिसरी. बहात्तर.

वॉर्डात फोन लावला. वाजत राहिला. मी फोन तसाच टेबलावर टाकला आणि धावले. जिन्यात कुणालातरी धक्का लागला, कुणीतरी शिवी दिली. वॉर्डात एका आजींना उलट्या होत होत्या आणि दोघी सिस्टर तिथे अडकल्या होत्या. दोन-तीन मशीन एकदम केकाटत होती. कुठलं कोणासाठी, कळायला मार्ग नव्हता.

"तीन नंबर!" मी ओरडले.

त्याची मान एका बाजूला कलली होती. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. मोठ्या सिस्टरनी एका हातानं खुर्ची आडवी केली, दुसऱ्यानं सलाईन सोडलं. "पाय धर, वर!" त्या माझ्यावर खेकसल्या. मी त्याचे पाय छातीशी धरून उभी राहिले. गार होते. इतके गार पाय मी त्याआधी फक्त बाबांचे धरले होते, शेवटच्या दिवशी.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे नीट उघडले.

"धावत आलात?"

मी मान हलवली.

"लिफ्ट होती की."

"सुचलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच त्या डोळ्यांत खोडी नव्हती. भीती होती, आणि ती त्याच्या स्वतःच्या जिवाची नव्हती. मला तेव्हाच समजायला हवं होतं, की हा आता पळणार.

* * *

त्याच्या पुढच्या पाळीच्या दिवशी खुर्ची नंबर तीनमध्ये एक अनोळखी बाई होत्या.

बाहेरचा बाकही रिकामा होता. मी दारात उभी राहिले. विचारायचं कसं? "तो" म्हणायचं की "ते"? आणि नको तेच उत्तर आलं तर? या वॉर्डात खुर्च्या रिकाम्या होतात आणि दुसऱ्या दिवशी भरतात, हे मी पाहिलं होतं. कुणी मुद्दाम सांगत नाही. यादीत नुसतं नाव बदलतं.

मोठ्या सिस्टरनी मला पाहिलं. जवळ आल्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पहाटेची पाळी मागून घेतलीय. स्वतःहून."

मी भिंतीला टेकले. आधी रडू आलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की कान तापले.

त्यानंतरच्या त्याच्या पाळीला मी पहाटेच गेले. लॅपटॉप घेतला नाही, वायर नाही, काहीच नाही. रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. बाकावर त्याची आई होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रथमच नजर खाली वळवली नाही.

तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मशीन अजून जोडलं नव्हतं. मला पाहून त्यानं डोळे मिटून घेतले.

"सांगून जायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर गेलो नसतो."

"मग नव्हतं जायचं!"

"हळू..." त्यानं डोळे उघडले. "ताईचे रिपोर्ट आले. तिला साखर निघाली. तिची किडनी घेता येणार नाही. आईची डॉक्टरांनी आधीच नाकारलीय. आता किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव. नंबर लागेल तेव्हा लागेल. लागेपर्यंत..." त्यानं हात हवेत सोडून दिला. "त्या दिवशी तुम्ही माझे पाय धरून उभ्या होतात. तुमचा चेहरा बघितला मी. असं दर महिन्याला बघायचं का तुम्ही? मी माणूस राहिलेलो नाही हो, अर्धा मशीन आहे. तुमच्या घरी आई आहे. तिनं काय..."

"आई नाही म्हणालीय."

तो थांबला.

"विहिरीत उडी म्हणाली. बरोबरच म्हणाली," मी म्हटलं. "मला सगळं कळतं. तुम्ही बरे व्हाल असं मी म्हणत नाहीये. मला माहीत नाही. पण तुम्ही मला घाबरून पहाटे उठून पळालात ना, त्या दिवशी त्या खुर्चीत दुसरंच कुणी बघून मी जे मेले... ते तुमचे पाय धरण्यापेक्षा वाईट होतं. शंभरपट. मला नंतर कळावं, यापेक्षा मला समोर दिसू दे. एवढंच मागतेय."

खिडकीबाहेर उजाडत होतं, आणि त्या उजेडात तो फार आजारी दिसत होता. फार आजारी, आणि माझा.

"तुम्हाला ना," तो शेवटी म्हणाला, "मधे एक स्पेस सोडायची अक्कल नाही."

"नाही."

तेवढ्यात पहाटेच्या पाळीच्या सिस्टर सुयांचा ट्रे घेऊन आल्या. तरुण होत्या, मला ओळखत नव्हत्या.

"ओ मॅडम, काय काम आहे इथे?"

"काम... काम काही नाही."

"मग? पेशंटच्या कोण तुम्ही?"

इतके दिवस मी या वॉर्डात वायरीच्या नावानं येत होते. आज हातात वायरही नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सिस्टरांकडे बघत होता.

"घरची आहे ती," तो म्हणाला.

त्या नाही. आहेत नाही. ती.

सिस्टरांनी खांदे उडवले. "बरं. पण बाहेरच्या चपला आत चालत नाहीत. काढून या."

मी बाहेर आले. चपला काढताना बंद निघेना. दार उघडंच होतं. त्याच्या आईनं सगळं ऐकलं होतं. त्या वाकल्या आणि माझ्या चपलेचा बंद त्यांनीच सोडवला.

"मी बाहेर का बसते माहितीये?" त्या खालमानेनं म्हणाल्या. "सुया टोचताना बघवत नाही मला. तो आत एकटाच असतो गं."

त्यांनी माझ्या चपला बाकाखाली स्वतःच्या चपलांशेजारी सरकवल्या.

"तू जा. तू बस त्याच्याजवळ."