आडवे हात

व्यंकटने सवयीने वर बघून क्रेनला इशारा द्यायला हात हलवला आणि तसाच थबकला. लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये क्रेन चालवायला मुलगी आलीय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! केबिनच्या खिडकीतून एक लांब वेणी बाहेर डोकावली.

"वर घेऊ का पुढं नेऊ? नीट सांगा की!"

ती तनुजा. त्या दिवसापासून व्यंकटचे इशारे जरा जास्तच नीट व्हायला लागले.

फोरमन निजामोद्दीन चाचांचा कायदा कडक होता. "इशारा एकाचाच पाळायचा. पण थांबायचा इशारा कुणीबी द्यावा, झाडणाऱ्यानंसुद्धा. हात आडवे दिसले की क्रेन थांबली पायजे."

मग नांदेडहून आनंदराज आला, वॉकीटॉकी घेऊन. हाताचे इशारे गेले, क्रेनला सांगायचं काम त्याच्याकडे; व्यंकटकडे उरलं नुसतं मालाला दोर अडकवणं. दिवसभर आनंदराजचा आवाज तनुजाच्या कानात, आणि वरून तिचं हसू... व्यंकटच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढं काय बोलत असेल मेला?

त्या दुपारी लोखंडी तुळई जमिनीवरून नुकती उचलली होती. तनुजा खळखळून हसली. व्यंकटचं डोकं फिरलं आणि त्याने दोन्ही हात आडवे पसरले.

क्रेन जागच्या जागी थांबली. तनुजाने तुळई खाली टेकवली, चाचांनी दोर वीतवीत तपासला. दोर ठणठणीत.

"काय दिसलं रे तुला?"

"काही न्हाई, चाचा..." व्यंकटचे कान तापले. "उगंच केला हात."

तनुजा शिडी उतरून आली होती. "उगंच? उद्या खरंच दोर तुटाया आला, आन् मला वाटलं की व्यंकट उगंच हात करून राहिलेत... तर?"

चाचांनी व्यंकटला शिक्षा म्हणून दोरांना ग्रीस लावायला बसवलं, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण आपल्या हातावरचा तिचा विश्वास गेला, हे मात्र त्याला सोसवेना. चार दिवसांनी त्याने चाचांकडून दुसऱ्या शेडमध्ये बदली मागून घेतली, पिशवी खांद्याला लावली आणि निघाला.

दाराशी त्याने एकदाच मागे वळून पाहिलं.

केबिनच्या खिडकीत तनुजा उभी होती. दोन्ही हात आडवे.

त्याचे पाय खिळले. ती धापा टाकत खाली आली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "उगंच."

"मजाक करून राहिलात?"

"त्या दिशी मी का हसले, ठाव हाय? आनंदराज रोज एकच इचारतात, 'आमचा आवाज कानात, मग तुमची नजर खाली कुणाला धुंडते?' त्याचं हसू येतं मला." तिने नजर वळवली. "जळत होतात ना? मग तोंडानं सांगायचं. हात खोटा करायचा न्हाई."

"जळत होतो," व्यंकट म्हणाला. "लई जळत होतो. तुम्ही आवडता मला... पहिल्या दिवसापासून."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. व्यंकटला तेवढ्यात वर रिकामी केबिन दिसली.

"आन् माल? माल वर सोडून आलात का काय?"

"टेकवूनच आले. माल लटकता ठेवून मी कुणासाठीच उतरत न्हाई."

"कुणासाठीच?"

"तुमच्यासाठीबी न्हाई," असं म्हणून तनुजाने त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि आत चालू लागली.