झोपलेला माणूस घास खातो का?

क्षयाच्या नव्या जंतूवर एकही औषध उरलं नव्हतं. दिलासा एवढाच, की बहुतेकांच्या छातीत तो आयुष्यभर झोपून राही. पण तो कुणाच्या छातीत झोपलाय हे कळलं तर त्या माणसाला जपता येईल, असं सरकारला वाटलं. त्यासाठी डॉ. हेमलता कुडतरकरांनी मिरजेच्या जंतुदर्शन संस्थेत 'श्वासरंग' तयार केला. फवारा हुंगायचा, छातीवर प्रकाशवेधी यंत्र धरायचं. जंतू असेल तिथे जांभळा ठिपका दिसे.

वर्षभरानं संचालक बिडकर पेढे घेऊनच प्रयोगशाळेत आले.

"हेमलताबाई, पहिल्या फेरीत ठिपका दिसलेले सगळे आजारी पडले. ठिपका नसलेला एकही नाही. सोमवारपासून राज्यभर फवारणी."

"सगळे नाही. सई ठणठणीत आहे."

सई त्यांची मुलगी. रंगाला लोक बिचकत होते, म्हणून पहिला फवारा त्यांनी तिलाच दिला होता, कॅमेऱ्यांसमोर. ठिपका दिसला तेव्हा "झोपलाय गं, झोपू दे" म्हणून हसल्याही होत्या. पुढे बाकीचे एकेक करून आजारी पडू लागले आणि कधी देवळाची पायरी न चढलेली ही बाई, आपली चाचणी एकदा तरी खोटी ठरू दे, म्हणून नवस बोलू लागली.

"एखादा अपवाद असायचाच," म्हणत बिडकरांनी पेढा पुढे केला.

तेवढ्यात डॉ. अन्वर मुलाणी आत आले. जिवंत जंतू वाढवणं हे त्यांचं काम.

"मॅडम, झोपलेल्या जंतूच्या मेणकट कवचातून रंग आत जातो कसा?"

"काचपट्टीवर असला तर खालून आच द्यायची, मेण मऊ होतं. माणसाच्या छातीला आच कशी देणार? म्हणून रंगाला साखर जोडली. ती खायला जंतू कवच उघडतो, तिच्याबरोबर रंगही शिरतो. तुम्हाला ठाऊक आहे की."

"ठाऊक होतं, विचार केला नव्हता. झोपलेला माणूस घास खातो का?"

हेमलताबाईंनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"जेवायला उठला म्हणजे झोप मोडलीच. मी रंगवलेले जंतू जिवंत ठेवून पाहिले. भराभर वाढताहेत. न रंगवलेले तसेच पडून आहेत."

"पण आम्ही इतक्या पट्ट्या तपासल्या..."

"ज्योतीवरून फिरवून. मेलेल्या जंतूंच्या."

पट्टी ज्योतीवर तापवून जंतू चिकटवल्याशिवाय हेमलताबाईंनी सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता. त्यांच्या गुरूंनीही नाही. त्यांच्या लेखी रंगवलेला जंतू मेलेलाच असायचा, त्यामुळे रंगल्यावर तो पुढे काय करतो हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"फवारणी थांबवा," त्या म्हणाल्या. "आपण आजार ओळखला नाही, लावला. पूर्वी दहांतला एखादाच आजारी पडायचा."

"तो अंदाज होता. पूर्वी कुणाच्या छातीत काय आहे हे दिसत कुठे होतं?" बिडकर शांतपणे म्हणाले. "मुलाणींचे जंतू बशीतले, माझ्याकडे माणसं आहेत. ठिपका दिसला तो आजारी पडला, नाही दिसला तो नाही. मंत्र्यांसमोर उभं राहून चाचणी चुकली असं मी कशावरून म्हणू? एक उदाहरण द्या, आत्ता थांबवतो."

"सई."

त्यांनी तिथेच फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. विचारलं, "सई, बरी आहेस ना?"

"आई, तुला सांगू की नको करत होते," सई म्हणाली. "परवापासून खोकला आहे. काल थुंकीत रक्त पडलं. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तुझी चाचणी बरोबरच निघाली."

बिडकरांना मनापासून वाईट वाटलं, तसं ते म्हणालेही. सोमवारी फवारणी सुरू झाली. चाचणीला आता एकही अपवाद नव्हता.