चांदीचे सोबती

हेमाजी नाखवा नावेच्या पुढच्या टोकाकडे गेला, तसा पाण्यातला जांभळा डागही पुढे सरकला. तो परत मागे सुकाणूपाशी आला. डागही मागे आला.

"बाई," त्यानं हाक मारली, "तुमची ही पाळलेली जनावरं माझ्या मागं का लागलीत?"

थट्टा केली खरी, पण त्याचे डोळे त्या डागावरून हलत नव्हते. सारा जन्म दर्यात काढलेला हा गडी, वादळाला त्यानं कधी भीक घातली नव्हती. पण आपण कुठे उभे आहोत हे पाण्यातल्या रंगाला कळावं, हे काही त्याच्या पचनी पडेना.

डॉ. मीनल ओगले उपकरणावर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यामुळेच नाखव्याला जास्त भीती वाटली.

त्या काळी जमिनीवरच्या चांदीच्या बहुतेक खाणी खरवडून संपल्या होत्या. घराघरावरच्या सौरपत्र्यांना चांदी तर हवीच होती, म्हणून माणसं समुद्रतळाकडे वळली. चांदी निसर्गात सुटी, चकाकती अशी क्वचितच सापडते. पृथ्वीच्या पोटातलं उकळतं पाणी भेगांमधून वर येताना धातू विरघळवून आणतं आणि थंड होताना ते भेगांतच सोडून जातं. त्या साचलेल्या थरात शिसं असतं, जस्त असतं, गंधक असतं, आणि त्यांच्यात लपलेली थोडीशी चांदी. म्हणून जाणता शोधक चांदी शोधत बसत नाही. तो तिचे सोबती शोधतो.

हेच डॉ. ओगले यांनी जिवाणूंना शिकवलं होतं. या जिवाणूंना त्यांनी 'रौप्यगंधी' असं नाव दिलं होतं. समुद्रात सोडले की त्यांना जी पहिली चांदी भेटेल, तिच्या आसपास जे काही असेल त्याची खूण ते कायमची धरत. पुढे पिढ्यान्‌पिढ्या, तासातासाला दुप्पट होत, ते तीच खूण हुंगत जात, सोबती सापडला की जांभळे होत आणि चांदी लागेपर्यंत पोखरत राहत. कोकणच्या किनाऱ्याजवळ भूकंपानं तळाला भेग पडून गरम झरे फुटले होते. थवा त्या झऱ्यांवर जायला हवा होता.

आज नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात काहीही सोडायचं नाही, असं हेमाजीनं पहाटेच बजावलं होतं. चांदी शोधायची म्हणून त्यानं नारळाला चांदीचा वर्ख लावला. त्याच्या कोळीवाड्यात नारळ फेकत नाहीत. दोन्ही हातांनी पाण्यात धरायचा आणि लाटेनं मागितला की सोडायचा. त्यानं तसाच धरला होता. डॉ. ओगले कौतुकानं बघत होत्या आणि शेजारीच त्यांनी जिवाणूंची बरणी पाण्यात रिकामी केली होती.

"खूण चुकली," त्या आता म्हणाल्या. "शिसं नाही, जस्त नाही, गंधक नाही. घाम आहे, नाखवा. आणि अंगाची ऊब. त्यांना पहिली चांदी तुमच्या हातात भेटली."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या लेखी चांदीचा सोबती माणूस."

हेमाजीनं तळहात पाहिला. सकाळपासून खाजत होता. रेषांमधून जांभळी झाक भरली होती आणि लुंगीला कितीही घासली तरी ती जाईना.

"मग टाका की चांदी पाण्यात! घेतील आणि गप बसतील."

"ते चांदी शोधतच नाहीत, सोबती शोधतात. सोबती भेटला की पोखरायचं, चांदी लागेपर्यंत."

"आणि नाय लागली तर?"

डॉ. ओगल्यांनी ड्रोनचं चित्र त्याच्यापुढे धरलं. नावेभोवतीचा डाग म्हणजे काहीच नव्हता. दुपारच्या भरतीबरोबर एक रुंद जांभळा पट्टा किनाऱ्याकडे निघाला होता, थेट त्याच्या कोळीवाड्याकडे.

त्यानं बायकोला फोन लावला. मागे बँडबाजा वाजत होता.

"दमे, आपली पोर कुठं हाय, उर्मी?"

"ही काय, पाण्यात. नारळ सोडतेय."

"वढ तिला भायेर! समद्यांना काढ! माझी आन हाय तुला!"

बँड थांबला. आरडाओरडा झाला. मग दमयंती म्हणाली, "आली हो, आली वर. काय झालं, सांगा तरी!" हेमाजी लहान पोरासारखा रडला.

"नाखवा," डॉ. ओगले हळूच म्हणाल्या, "वाड्यातल्या मोऱ्यांचं पाणी कुठं जातं?"

"दर्यात. दुसरीकडं कुठं जाणार?" बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं. आंघोळीचं पाणी, माणसांचा घाम, सगळं त्या पन्हळांतून समुद्रात उतरत होतं. त्याच वासावर थवा वर चढणार होता, घराघरातल्या मोरीपर्यंत.

"मारायचं औषध आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी हेलिकॉप्टर आणेल. पण थवा एका जागी गोळा असेल तरच ते लागू पडतं. मोऱ्यांपेक्षा जवळ, मोऱ्यांपेक्षा ठळक असा माणूस पाण्यात हवा. मी उतरते."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग औषध घालायला वर कोण राहणार? गप बसा."

दमयंतीला त्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग किनाऱ्याच्या बाजूला नाव नेऊन त्यानं नांगर टाकला, कमरेला दोर बांधला आणि पाण्यात उतरला.

"वळले!" थोड्या वेळानं डॉ. ओगले ओरडल्या. आनंदानं नव्हे. पट्टा मधोमध वाकला होता आणि त्याच्याकडे येत होता.

आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग पोटऱ्यांना कुणी कानस लावावी तशी आग. तो दात आवळून राहिला. हळूहळू पाय कळेनासे झाले, आणि दुखण्यापेक्षा ते भयंकर होतं. संध्याकाळ अजून लांब होती. एका माणसाच्या अंगावर इतका वेळ निघणार नाही, हे त्याला समजलं. डॉ. ओगल्यांना आधीच समजलं असावं, कारण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

कोळीवाड्याकडून होड्या येताना दिसल्या. सणाच्या पताका तशाच फडफडत होत्या, पण कुणी गात नव्हतं. दमयंतीनं वाड्यात सांगितलं होतं आणि वाड्यानं पाण्यात उतरायच्या पाळ्या ठरवल्या होत्या.

पहिली होडी जवळ आली. तिच्या टोकाशी हिरवं लुगडं नेसलेली उर्मी उभी होती आणि कमरेला दोर बांधत होती.

"बाबा, तू वर ये," ती म्हणाली. "आता माझी पाळी."

हेमाजीला ओरडायचं होतं, परत जा म्हणून. पण ती परत गेली, पाळी मोडली, तर पाण्यात माणूस उरणार नव्हता, आणि थवाही तिच्या मागोमाग घरी जाणार होता.