जीव गुंतला तिथे उपचार नाही

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा अडकली आणि चंपाच्या शेजारच्या तरुणाने पुढचा दांडा घट्ट धरला. रस्त्याकडेच्या कापडाच्या कारखान्यात लूम खडखडत होते. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

चंपाने ते पाहिलं. हलकेच म्हणाली, "लांब श्वास घ्या... आता सोडा. तिकडे नको, माझ्याकडे बघा."

रिक्षा सुटली, तसा तो ओशाळून हसला. "डॉक्टर हाय का तुम्ही?"

"नाही. विद्यापीठात शिकते. उपयोजित मानसशास्त्र, एम.ए.चं शेवटचं वर्ष."

"म्हंजे मनातलं वळखता?"

"तेवढं येत असतं तर परीक्षेला कशाला घाबरले असते?"

दोघंही अंजूर गावालाच उतरले. त्याचं नाव रामनाथ. कारखान्याच्या आगीत थोरला भाऊ गेला, तेव्हापासून त्याला लूमचा आवाज सोसवत नव्हता. लूमवरचं काम सोडून तो अंजूरला मामाकडे आला होता आणि गोडाऊनमध्ये कापडाचे तागे उचलत होता.

मग रिक्षात रोजची गाठ पडू लागली. तो तिच्यासाठी कडेची जागा धरून ठेवायचा आणि ती आली की उगाच बाहेर बघत बसायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी खाडीच्या बांधावर चंपा गवताच्या काड्या तोडत बसली होती.

"बाबा म्हणतात, वेड्यांच्या डॉक्टरणीला नोकरी कोण देणार? परीक्षा झाली की लग्न."

"कोन देनार म्हंजे?" रामनाथ म्हणाला. "माज्यासारखी मानसं भिवंडीत काय कमी हायेत?" मग तो पुटपुटला, "चंपा... तूच बरं कर ना मला."

"मी नाही करणार."

त्याचा चेहरा उतरला. तो उठून चालू लागला.

"रामनाथ, ऐक तरी! ज्याच्यात आपला जीव गुंतलाय, त्याच्यावर आपण उपचार करायचे नसतात... तसं शिकवतात आम्हाला."

तो थबकला. "कोनाचा जीव?"

चंपाने मान खाली घातली. खाडीवरचा वारा तिची ओढणी उडवत राहिला. तिने ती सावरली नाही.

ठाण्याच्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांकडे तीच त्याला घेऊन गेली, पण स्वतः बाहेर बाकावर बसून राहिली. कित्येक महिने तो जात होता. भावाचं नाव घेऊन तो पहिल्यांदा रडला, तेही त्या बंद दाराआड. पुढे एकदा तो चालू कारखान्यात शिरला, थोडा वेळ उभा राहिला आणि कोरड्या कपाळाने बाहेर आला. लूमवर मात्र परतला नाही. "भ्या न्हाय वाटत आता," म्हणाला, "पन मन न्हाय होत."

चंपा पास झाली. पुण्याच्या एका इस्पितळात समुपदेशकाची नोकरीही मिळाली. पण तिचा बाप महादू ऐकेना. "एकटी पोर पुन्याला? न्हाय जमायचं!"

दुसऱ्या दिवशी रामनाथ त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, तिला जाऊ द्या. तिच्या शिक्षनानंच मी मानसात आलो. लग्नाचं नंतर बघा... मी थांबेन."

"तू कोन रं थांबनारा?"

दारातून चंपाचा आवाज आला. "मी थांबायला सांगितलंय त्याला, बाबा."

महादू उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"ती जायच्या आधी जेवाय ये," तो रामनाथकडे न बघताच म्हणाला. "आनि एकटा येऊ नको. असलं बोलनं कराय घरचं मोठं मानूस लागतं."