पहिल्या नंबरचं पिंप

पिंपाचं बूच निघालं तसा बिअर-स्पर्धेला जमलेल्या पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावला. पाठोपाठ दुसऱ्या रांगेनं. ती घाण सभागृहाच्या दारापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

मुख्य परीक्षक मात्र पिंपावर वाकलेलेच होते. तोटीखाली ग्लास धरून ते शांतपणे बिअर यायची वाट बघत होते. आयोजक बाई तोंड दाबून मागे सरल्या. बूच काढणाऱ्या कामगारानं चिमटा आत घातला आणि काहीतरी ओढून काढलं. आधी शेपूट आली. मग बाकीचा उंदीर. तो दिसल्यावर परीक्षक दचकले आणि त्यांनीही खिशातून रुमाल काढला.

आदल्याच दिवशी, शनिवारी, या पिंपातली बिअर 'सेझाँ आणि फार्महाऊस' या गटात पहिली आली होती. निकालानंतर निम्म्या सभागृहानं ती चाखली होती. ती माणसं आता पोटावर हात धरून बाहेरच्या नळाकडे पळत होती.

शेवटच्या रांगेत दोन व्याही बसले होते. मुलाकडचे व्याही बिअरचे शौकीन. मुलीकडचा व्याही खासगी तपासाची कामं करायचा. त्याला सगळे पाठीमागे 'तिरसट' म्हणत आणि हे त्याला ठाऊक होतं. सुट्टीचा दिवस आहे, जरा मजा करू, म्हणून शौकीन व्याह्यांनी त्याला ओढून आणलं होतं.

"छान मजा आहे तुमची, व्याहीबुवा," तिरसट म्हणाला.

व्याही बाहेरच्या नळाकडे बघत होते. त्यांनीही काल एक ग्लास घेतला होता.

दुपारपर्यंत आरोग्य निरीक्षकानं ती बिअर करणाऱ्या ब्रुअरीला सील ठोकलं. ब्रुअरी एका विधवा बाईची होती. नवऱ्यामागे तिनं ती एकटीनं चालवली होती, शेताच्या कडेच्या जुन्या गोठ्यात. कुणीतरी तपास करणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी तिरसटकडे आली. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली. लोक आपल्याला रस्त्यात थांबवून विचारतात, की आणखी काय काय घालता बिअरमध्ये, असं तिनं सांगितलं. सकाळी कुणीतरी गोठ्याच्या दारात ओकून गेलं होतं.

तिरसटनं तिला आधी बिअरचंच विचारलं. सेझाँ म्हणजे नेमकं काय?

ती म्हणाली, पूर्वी शेतावर थंडीत बिअर करून ठेवायचे, उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसांना प्यायला. जे धान्य उरलं असेल ते घालायचं. त्यामुळे प्रत्येक शेताची चव वेगळी. तिच्या मते बाकी व्याख्या नव्हतीच. यंदा तिनं मोड आणलेलं धान्य, म्हणजे माल्ट, लाकडाच्या धगीवर वाळवलं आणि त्याला धूर लागला. झाकण काढलं की आधी धुराचाच वास यायचा. स्पर्धेला पाठवू की नको असं तिला झालं होतं.

"निकाल देताना परीक्षक मंचावरून काय बोलले?"

"संत्र्याच्या सालीचा सुगंध, मिरीचा झणका, वाळल्या गवताची आठवण." तिला ते पाठ झालं होतं. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बिअरबद्दल इतकं बोललं."

गोठ्यात उंदीर आहेत का, असं तिरसटनं विचारलं. दोन मांजरी आहेत, उंदीर टिकतच नाहीत, असं ती म्हणाली.

निरीक्षकाच्या कचेरीत उंदीर एका बरणीत ठेवला होता. व्याही दारातच थांबले. तिरसटनं बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मानेवर आडवा खोलगट वळ होता, मान मोडलेली होती. एका बाजूचे केस गळून गेले होते आणि ती बाजू फळीवर पडून राहिल्यासारखी सपाट झाली होती.

"हा बिअरमध्ये बुडून मेला," निरीक्षक म्हणाला.

"मानेवर लोखंडी पट्टी आपटून घेऊन बुडाला का?" तिरसट म्हणाला आणि बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर शिसारी होती, पण ती उंदराची नव्हती.

आयोजक बाईंनी मागच्या खोलीची हकिगत सांगितली. निकालानंतर दुसऱ्या नंबरवाल्यानं तक्रार केली होती, की पहिली आलेली बिअर धुरकट आहे, ती सेझाँ नाहीच. वाद वाढला तेव्हा मुख्य परीक्षकांनी रविवारी सर्वांसमोर पुन्हा चाखून, कारणं देऊन निर्णय सांगावा असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी पिंपं मागच्या खोलीत ठेवून बाईंनी कुलूप लावलं. त्याआधी तिथं तिघंच गेले होते. बाई स्वतः, तक्रार करणारा, आणि खांद्याला बॅग लावून पिंपाचं तापमान बघायला आलेले परीक्षक.

तिरसटनं विचारलं, की शनिवारीही बूच सैल केलं होतं का. केलं होतं, त्याशिवाय तोटीला धार येत नाही, असं बाई म्हणाल्या. तेव्हा धुराशिवाय कसलाही वास आला नव्हता.

गटाची व्याख्या काय, हे विचारल्यावर त्या वैतागल्या. "दरवर्षी समिती बसते आणि दरवर्षी भांडून उठते. फिकी हवी म्हणतात, गडद चालते म्हणतात. आंबट नको म्हणतात, मग आंबटच पहिली येते. जी कुठेच बसत नाही ती या गटात ढकलायची, हे शेवटी ठरलं."

"आणि मग त्यांना नंबर द्यायचे," तिरसट म्हणाला.

तक्रार करणारा निघाला ब्रुअरीवालीचा धाकटा दीर. भाऊ गेल्यावर त्यानं वेगळी चूल मांडली होती, वेगळी ब्रुअरीही. त्याचा कारखाना दवाखान्यासारखा लख्ख होता. कोपऱ्याकोपऱ्यात उंदरांसाठी विषाचे निळे गोळे ठेवले होते. सेझाँ म्हणजे फिकी, कोरडी, भरपूर बुडबुड्यांची, मिरीसारखी झोंबणारी, असं त्यानं एका दमात सांगितलं.

"आणि वहिनींची?"

"विझवलेल्या शेकोटीसारखी. ग्लास तोंडाशी न्यायच्या आधीच कळतं. सर संत्र्याच्या सालीचं बोलत होते तेव्हा मला वाटलं, ग्लासांची अदलाबदल झाली."

खोलीत का गेला होतास, असं विचारल्यावर त्याचे कान लाल झाले. वहिनीच्या पिंपाचं लाकूड कुठलं ते बघायचं होतं, असं तो म्हणाला. हात रिकामे होते आणि अंगात बनियनवजा शर्ट होता, याला आयोजक बाईंची साक्ष होती.

"याचाच उद्योग," बाहेर आल्यावर व्याही म्हणाले. "भाऊबंदकी, दुसरं काय."

"विष खाल्लेल्या उंदराची मान मोडत नाही, व्याहीबुवा."

परीक्षकांनी घरी स्वागत मनापासून केलं. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून एकटेच होते, त्यामुळे बोलायला माणूस हवाच होता. दारालगत खुंटीवर त्यांची चामडी बॅग लटकत होती. तिच्याजवळून जाताना व्याह्यांचा श्वास अडकला. भिंतीत काहीतरी मेलंय, असं ते कुजबुजले. तिरसटनं त्यांना गप्प बसायची खूण केली.

बशीत अक्रोड आले. व्याह्यांनी एक तोंडात टाकला आणि गिळावा की थुंकावा या पेचात पडले. अक्रोडाचं तेल इतकं खवट झालं होतं की जिभेवर रंगाचा डबा सांडल्यासारखं वाटलं. परीक्षक मात्र बोलता बोलता मूठभर अक्रोड संपवत होते.

सेझाँवर ते सुंदर बोलले. व्याख्येत तिला कोंडता येत नाही, ती एक वृत्ती आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. धुराचाही एक पुसटसा पदर त्या बिअरला होता, तो आपण मुद्दामच मंचावरून सांगितला नाही, लोक बिचकले असते.

मग त्यांना पाहुणचाराची लहर आली. त्यांनी उठून बॅगेतून आपला चाखायचा ग्लास काढला, रुमालानं पुसला, त्यात बिअर ओतली आणि व्याह्यांपुढे धरली. ग्लासाला बॅगेचीच घाण येत होती, सडक्या मांसाची. व्याही उठले ते टेबलाला अडखळले. त्यांच्या बुटाचा धक्का लागून कपाटाखाली काहीतरी फटकन मिटलं. उंदीर पकडायचा लोखंडी चाप होता.

"सांभाळून," परीक्षक म्हणाले. "उंदीर फार झालेत."

व्याही अंगणात जाऊन झाडाच्या बुंध्याशी ओकून मोकळे झाले. तिरसट त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पुरे झालं," तो म्हणाला. "उद्या सकाळी सगळ्यांना बोलावू."

सभागृहाच्या मागच्या खोलीत दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आयोजक बाई, निरीक्षक, ब्रुअरीवाली, तिच्यापासून दूर खुर्ची ओढून बसलेला दीर, आणि परीक्षक. टेबलावर चिनी मातीचा मग होता, आत काय आहे हे बाजूनं दिसू नये असा.

तिरसटनं परीक्षकांना विनंती केली, की ब्रुअरीवालीच्या घरी शिल्लक राहिलेल्या बाटल्यांपैकी एकीतली ही बिअर आहे असं समजून त्यांनी राहिलेलं परीक्षण पुरं करावं. परीक्षकांनी मग उचलला, नाकाखाली फिरवला, डोळे मिटले, एक घोट घेतला.

"हाच तो धूर," ते म्हणाले. "आधी संत्रं, मग मिरी, आणि तळाशी हा विझत चाललेला धूर."

दिरानं हात लांब करून मग घेतला आणि वास घेतला.

"ही तर माझी बिअर आहे," तो म्हणाला. "यात धूर कुठला?"

परीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी आयोजक बाईंकडे पाहिलं, मग निरीक्षकाकडे, जसं कुणाच्या तरी चेहऱ्यावर उत्तर मिळेल.

"असंच बघता ना तुम्ही?" तिरसट म्हणाला. "इतरांचे चेहरे. तुम्हाला वास येत नाही, सर."

मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. शनिवारी बूच उघडलं तेव्हा घाण नव्हती, म्हणजे उंदीर नंतर टाकला गेला. तो चापात मेलेला होता आणि कुठल्या तरी फळीखाली सडूनही गेला होता. गोठ्यात मांजरी आहेत, दिराकडे विष आहे, आयोजक बाई आणि दीर खोलीत रिकाम्या हातांनी गेले. बॅग घेऊन गेले ते परीक्षक. दुसऱ्या कुणीही असा उंदीर नेला असता तर कशात तरी गुंडाळला असता, निदान नंतर बॅग फेकून दिली असती. यांनी त्याच बॅगेतला ग्लास पाहुण्यांपुढे धरला, कारण त्यांच्या लेखी बॅगेला काही झालंच नव्हतं. रविवारी अख्खं सभागृह नाक दाबत असताना हे ग्लास धरून उभे होते. उंदीर डोळ्यांना दिसला तेव्हा यांना कळलं, की आता किळस वाटायला हवी.

"पण का?" आयोजक बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवशी यांनी धुराचं नाव घेतलं नाही. ज्या वासानं नवखा माणूसही हुंगून थांबला असता, तो यांना कळला नाही. तक्रार आली तेव्हा यांना समजलं आपण काय सोडलं ते. पुन्हा सर्वांसमोर चाखून कारणं द्यायची वेळ आली असती तर सोंग उघडं पडलं असतं. पिंपच बाद झालं की चाखायचा प्रश्न मिटला."

परीक्षक खाली बघत होते. थंडीत मोठा ताप आला होता, असं ते हळूहळू सांगू लागले. ताप उतरला, वास परत आला नाही. बायको घरी होती तोवर ती ताटातलं, फडताळातलं हुंगून सांगायची. स्पर्धा सोडाव्यात असं वाटलं होतं, पण दुसरं काही येतच नव्हतं. बाकीच्या गटांमध्ये इतर परीक्षकांचे चेहरे एकसारखे व्हायचे, ते बघून गुण देता यायचे. या गटात तिघांचे तीन चेहरे. एक हसला, एकानं कपाळाला आठ्या घातल्या, एकानं दुसरा घोट घेतला.

"मग जिच्यावर सगळ्यांचे चेहरे सर्वांत जास्त हलले तिला पहिला नंबर दिला," ते म्हणाले. "वाटलं, या गटात काहीही खपतं."

"आणि खपलं," तिरसट म्हणाला. "तुमच्या शेजारच्या तिघांना धुराचा वास आला होता. त्यांनी स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला, कारण सेझाँ कशी असावी हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याचीही मला किळस येते. पण तुमचं वेगळं आहे. वास गेला हा तुमचा दोष नाही. या बाईच्या दारात लोक ओकून गेले आणि तुम्ही घरी बसून सेझाँच्या वृत्तीवर बोलत होतात."

परीक्षकांनी ब्रुअरीवालीकडे बघून हात जोडले. तिनं ते पाहिलं नाही असं केलं.

निरीक्षकानं घसा साफ करून सील आजच काढतो म्हणून सांगितलं. नंबराचं काय करायचं, असं आयोजक बाई विचारत होत्या, रद्द करायचा की ठेवायचा. ब्रुअरीवाली म्हणाली, ज्यानं दिला त्याच्याचकडे राहू दे. एवढं बोलून ती जायला निघाली आणि दारात थांबली.

"सर," तिनं विचारलं, "माझी बिअर चांगली होती का?"

परीक्षकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

व्याह्यांना ते बघवेना. आपण एक ग्लास प्यायलो होतो हे सांगायला ते पुढे झाले, पण तिरसटनं त्यांच्या दंडाला धरून मागे ओढलं. कारण दीर उठला होता.

"चांगली होती," दीर म्हणाला. "निकालानंतर मी दोन ग्लास घेतले. दुसरा कुणी बघू नये म्हणून खांबाआड उभं राहून घेतला. सेझाँ नव्हती, वहिनी. पण चांगली होती."

"मग काय होती?"

दिरानं बराच विचार केला.

"नाही सांगता येत," तो शेवटी म्हणाला. "दादाला आवडली असती."

मग तिनं सांगितलं, की सील काढल्यावर सगळी पिंपं उकळत्या पाण्यानं धुवावी लागतील आणि ते एकटीचं काम नाही. दिरानं शर्टाच्या बाह्या चाचपल्या. त्या मुळातच आखूड होत्या, तरी त्यानं त्या वर सारल्या आणि तो तिच्या मागोमाग बाहेर पडला.