पोलादाचा जबाब

युद्धनौका 'वज्रनाद' आता संग्रहालय झाली होती. तोफांवर शाळेची पोरं चढायची, अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात आइस्क्रीम विकलं जायचं. खाली, बॉयलर-खोलीच्या जलबंद दारापाशी, जैनुद्दीन मुकादम लोकांना माहिती सांगायचा. एवढी एक पाटी मात्र तो लोकांनाच वाचू द्यायचा: 'घबराटीत एका खलाशाने आदेशाविना दाराला पाचरी ठोकल्या. आत अकरा जण बुडाले. कॅप्टन राजाध्यक्ष यांनी जहाज वाचवले.'

तो खलाशी म्हणजे मुकादमच. युद्धात शत्रूचा पाणतीर जहाजावर आदळला तेव्हा त्याचं डोकं पाइपावर आपटलं. शुद्ध आली ती इस्पितळात. चौकशीवाल्यांनी सांगितलं, हे तू केलंस. आठवतच नव्हतं, तर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? सव्वीस वर्षं अकरा खून उरावर घेऊन तो जगत होता. इथली नोकरी त्याने मागून घेतली होती.

आज त्याच दारासमोर तो एका सुट्या पोलादी पत्र्यावर हातोडा हाणत होता.

"तीस झाले, बाई. अजून?"

"पुरे, चाचा," त्या दुर्घटनेच्या फेरचौकशीसाठी आलेली शास्त्रज्ञ डॉ. इरावती शेजवळ म्हणाली आणि तिने आघातवाचक, धातूवरचे घाव वाचणारा यंत्राचा डबा, पत्र्यावर टेकवला.

कॅप्टन राजाध्यक्ष खुर्चीत बसून बघत होते. संग्रहालयाचे अध्यक्ष तेच. एकाहत्तराव्या वर्षीही रोज पोहणारा माणूस. "पोलाद साक्ष देतं म्हणे! अहो, उभा जन्म पोलादावर काढलाय मी."

"मग तुम्हाला लवकर कळेल. पोलादात चुंबकीय कण असतात. घाव बसला की तिथले कण पृथ्वीच्या चुंबकत्वाकडे वळतात आणि तसेच थिजतात. घावाचा जोर, कोन, बाजू, सगळं त्यात राहतं. आम्ही त्याला आघातस्मृती म्हणतो."

"आणि त्याच जागी दुसरा घाव बसला तर?"

"जोराचा असेल तर जुना पुसला जातो. नवा राहतो."

"पण घाव कोणाचा, ते काय लोखंड नाव लिहून ठेवतं?"

"चाल ठेवतं. मनगट कसं वळलं, उसळलेला हातोडा कसा पेलला, हे माणसागणिक वेगळं असतं. वीस-तीस घाव मिळाले की हात ओळखता येतो."

तिने दाराचं वाचन दाखवणारा यंत्राचा पडदा वळवला. दारावर आतल्या बाजूने पान्याचे ठोके होते. तीन ठोके, विसावा, पुन्हा तीन. इथे जिवंत आहोत, ही खलाशांची खूण. एकंदर चारशे बारा. पाचरींवरच्या घावांची लाट या ठोक्यांच्या अधेमधे पडलेली होती, काहींच्या वर, काहींच्या खाली; म्हणजे काही ठोके घावांच्या आधीचे, काही नंतरचे.

"म्हणजे पाचरी ठोकणाऱ्याला आतले ठोके ऐकू येत होते," इरावती म्हणाली. "आणि चाचा, तो हात तुमचा नाही."

मुकादमने स्वतःच्याच तळहातांवर दात रोवले, रक्त येईपर्यंत.

"कॅप्टन, तीस घाव तुम्हीही घाला," इरावती म्हणाली.

"मी काय हमाल आहे?" राजाध्यक्ष उठले आणि ताडताड जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरचौकशीचा आयोग दार बघायला यायचा होता. मुकादम जेवून खाली उतरला तर जहाज घुमत होतं. राजाध्यक्ष सदरा काढून, दहा किलोचा घण दोन्ही हातांनी दारावर घालत होते.

मुकादम धावत जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. "बस, साहेब! आत माझी माणसं बोलतायत."

"सरक, भडव्या!"

"तुम्ही ऐकलं होतं त्यांना."

"ऐकलं! दार उघडलं असतं तर दोनशे दहा जण मेले असते!"

"मग तसं छाती ठोकून सांगायचं होतं. माझ्या गळ्यात का बांधलंत?"

उत्तर म्हणून घण आला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मुकादमने स्वतः ऐकला. तो घसरत खाली आला, तरी त्याने कॅप्टनच्या पोटरीचा लचका तोडला. राजाध्यक्षांनी त्याच्या तोंडावर बुटाची लाथ घातली. दोन दात जमिनीवर पडले.

इरावती आयोगाच्या लोकांना घेऊन उतरली तेव्हा राजाध्यक्ष सदरा घालून उभे होते. "वेडा झालाय हा. दार फोडत होता. मी अडवायला गेलो, तर तोल जाऊन आपटला. बघा, मला चावलासुद्धा."

मुकादमला रक्ताच्या गुळण्यांमुळे बोलताच येईना. पुन्हा एकदा, हे तू केलंस.

इरावतीने डॉक्टरांना फोन केला आणि मगच आघातवाचक दारावर टेकवला. राजाध्यक्ष हसले. "काय वाचणार आता? सगळं पुसून टाकलं त्याने."

"जुनं पुसलं गेलं, खरं आहे. पण ते वाचन मी कालच आयोगाकडे पाठवलंय. फक्त तुमचा हात नव्हता मिळत." तिने पडदा आयोगाकडे वळवला. "आज सत्तावन्न घाव मिळाले. यातला एकही मुकादमांचा नाही. पाचरी ठोकणारा हात हाच."

"खोटं आहे! यंत्रावर काय भरवसा? घण त्याच्याच हातात होता."

"मग हा शेवटचा घाव बघा," ती आयोगाला म्हणाली. "बाकी छप्पन्न धारदार आहेत, हा बोथट आहे. घण आणि पोलाद यांच्या मधे माणूस होता."